सरकीच्या भांडवलावर फिल्म कंपनी

फिल्म कंपनी काढायला मुंबईलाच जावं लागतं, हा एक गैरसमज आहे. एक कार्डशीट, मूठभर कवड्या आणि पायलीभर सरकी एवढं साहित्य असलं, की ती मेहकर तालुक्यातल्या आमच्या गावातही निघते. निघते, चालते आणि मालकाला तोंडघशी पाडते. मी शाळेत ड्रॉइंग मास्तर, त्यामुळे कार्डशीट घरात होतं. कवड्या आमच्या सौभाग्यवतीच्या, म्हणजे विमलच्या रुखवतातल्या. सरकी दूधवाल्या किसनरावांनी दिली. तोंड तेवढं माझं होतं.

त्याचं झालं असं की, डोणगावच्या बाजारात तंबूचा सिनेमा आला होता आणि आम्ही चार माणसं बैलबंडीत बसून तो पाहून परत येत होतो. नायिका विहिरीकडे धावते त्या प्रसंगी मागचा रंगवलेला डोंगर हलत होता. डोंगर हलू नये, एवढंच माझं म्हणणं होतं. कलेच्या माणसाला असल्या गोष्टी टोचतात. यावर आमचे घरमालक शेषराव म्हणाले, "मास्तर, सारे लोकं रडून राह्यले अन् तुम्ही डोंगर पाहून राह्यले! येवढं समजते तं काढा न मंग तुम्हीच एक कंपनी."

बंडीतले सगळे हसले. बंडी हाकणारासुद्धा हसला, आणि त्याने तर सिनेमा पाहिलाही नव्हता. दुसऱ्याच दिवशी शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली. अपमान झालेला ड्रॉइंग मास्तर आणि समोर मोकळी सुट्टी, असा योग आला की काहीतरी घडणारच.

मी खेळ तयार केला. कार्डशीटवर घरं आखली. प्रत्येक खेळाडू एका फिल्म कंपनीचा मालक. कवड्या टाकायच्या, सोंगटी पुढे सरकवायची आणि ज्या घरात पडेल ते भोगायचं. 'नायिका रुसली, एक डाव थांबा.' 'सेटला आग, मूठभर सरकी द्या.' 'नायक दुसऱ्या कंपनीत पळाला.' 'सेन्सॉरने नाच कापला, चार घरं मागे.' नायक-नायिकांची चित्रं मी स्वतः जलरंगात काढली. माझा हात मडकी आणि फळं काढण्यात बसलेला आहे. त्यामुळे नायिकांचे चेहरे किंचित घागरीकडे झुकले, हे मी मान्य करतो. पण म्हणून विमलने, "ही भरलेली हाय का रिकामी?" असं विचारायचं कारण नव्हतं.

पहिले खेळाडू म्हणून अर्थातच शेषरावांना बोलावलं. त्यांना दाखवायचंच होतं. ते आले, मांडी घालून बसले, आपल्या कंपनीला 'शेष मूव्हीटोन' असं नाव दिलं आणि कवड्या हातात घेतल्या. तेवढ्यात दुधाचा लोटा घेऊन किसनराव दारात उभे राहिले. मी घाईने कार्डशीटपुढे सरकून बसलो.

हे नीट समजून घ्यायला हवं. शेषराव आणि किसनराव हे सख्खे चुलतभाऊ. दोघांची वावरं लागून, मध्ये धुरा, म्हणजे बांध, आणि धुऱ्यावर एक आंब्याचं झाड. झाड कोणाचं, यावरून दोघांचा अबोला. आंबे कोणीच तोडायचे नाहीत, आणि दर उन्हाळ्यात वानरांनी ते खायचे, अशी व्यवस्था कित्येक वर्षं बिनतक्रार चालली होती. मला त्या झाडाशी काय करायचं होतं? पण आम्ही राहत होतो ते घर शेषरावांचं, आणि आमची बेबी ज्या दुधावर वाढत होती ती म्हैस किसनरावांची. पावसाळ्याआधी शेषरावांनी छपराचे कवेलू, म्हणजे कौलं, फेरून दिले नाहीत, तर बेबीच्या पाळण्यावर धार लागणार. किसनरावांनी म्हैस आटली म्हणून सांगितलं, तर पाळण्यातून वेगळीच धार लागणार. छप्पर एकाचं आणि दूध दुसऱ्याचं, अशा परिस्थितीत शहाणा माणूस सकाळी एकाला आणि संध्याकाळी दुसऱ्याला भेटतो. मी तीन वर्षं तेच केलं होतं.

किसनरावांनी पाटाकडे पाहिलं, सरकीकडे पाहिलं. "माह्या म्हशीची सरकी खेळाले मांगून नेली अन् मलेच बलावलं नाही?" असं म्हणून ते आत येऊन बसले. त्यांची 'किसन टॉकीज' निघाली. माझी 'चित्रकला मंदिर' होतीच. तीन कंपन्या झाल्या.

आता अबोल्याचा कायदा ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्यासाठी सांगतो. दोघं एकमेकांपासून हातभर अंतरावर बसले होते. एकाचा श्वास दुसऱ्याला ऐकू येत होता. तरीही एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानावर पडलं असं धरायचं नाही. ते तिसऱ्या माणसाच्या तोंडून निघालं, की मगच ऐकू आलं म्हणायचं. तिसरा माणूस मी.

"मास्तर," शेषराव म्हणायचे, "त्यायले सांगा, तुमचा हिरो आमच्या कंपनीत पाठवा, मूठभर सरकी देतो."

"किसनराव, शेषराव म्हणतात, नायक पाठवा. मूठभर सरकी देतील."

"त्यायले सांगा, आपली मूठ पाह्य म्हना आधी. चिमनीची मूठ हाय ती."

"शेषराव, किसनराव म्हणतात की मूठ जरा लहान आहे."

"गाळू नका मास्तर!" किसनराव ओरडायचे. "चिमनीची म्हना."

"चिमणीची आहे," मी म्हणायचो. शेषराव रागाने पाहायचे, आणि तेही माझ्याकडे. कारण कायद्याने ते वाक्य माझ्याच तोंडून आलेलं असायचं. चार दिवसांत मी माझ्या घरमालकाला गाढव, लबाड आणि वावरचोर म्हटलं, आणि दूधवाल्याला जे म्हटलं ते ड्रॉइंग मास्तरला लिहिता येणार नाही. चष्मा पुसत मी मनातल्या मनात दोघांची क्षमा मागत असे.

खेळ मात्र रंगला. गल्लीत बातमी पसरली. उंद्रीहून एक गृहस्थ मिशा कोरून आले. मास्तरांनी कंपनी काढली असं त्यांच्या साडूने सांगितलं होतं. खलनायकाचं काम मिळेल का, म्हणत होते. त्यांनी जेवण केलं, तीन प्रकारचं हसून दाखवलं आणि पाटावर आपलं काम शर्टाच्या गुंडीला दिलेलं आहे हे कळल्यावर एसटी पकडली. हेडमास्तरांचा निरोप आला, की शिक्षकाने नटनट्यांच्या संगतीत राहणं शाळेला शोभत नाही. मी उत्तरादाखल सगळ्या नट्या गुंडाळीत घालून त्यांच्याकडे पाहण्यासाठी पाठवल्या. त्यांनी परत पाठवल्या आणि कळवलं, घटचित्रण चांगलं आहे.

मग ग्रामपंचायतीचे सेक्रेटरी पंजाबराव आले. नवं राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते आणि सरकार आता आपलं आहे, हे पंजाबरावांनी फार मनावर घेतलं होतं.

"मास्तर, सिनेमा कंपनी काढली म्हन्ते तुम्ही. परवाना?"

"कंपनी नाही हो पंजाबराव. खेळ आहे."

"खेळ असन तं करमणूक कर लागते."

"तसला खेळ नाही. सारीपाटासारखा. बसून खेळायचा."

"सरकी लावून खेळता न? मंग तं जुगार झाला." ते पाटाजवळ बसले. "मले चौकशी करा लागते. कवड्या टाका बरं."

चौकशी दिवेलागणीपर्यंत चालली. चहा तीनदा झाला. शेवटी 'सेन्सॉरने नाच कापला' या घरावर बोट ठेवून पंजाबरावांनी विचारलं, "हा सेन्सॉर कोन हाय?" कोणीच नव्हता. दुसऱ्या दिवसापासून पंजाबराव सेन्सॉर म्हणून येऊ लागले आणि परवान्याची गोष्ट निघाली नाही. त्यांची अट एकच होती. पिक्चरमध्ये कुठल्याही सेक्रेटरीला वाईट दाखवायचं नाही.

इथपर्यंत सगळं आवाक्यात होतं. घात केला सोजराकाकूंनी. काकू म्हणजे शेषराव-किसनराव दोघांची चुलती, शेजारी राहणारी. आमची ओसरी गल्लीत सगळ्यांत गार, म्हणून उन्हाळ्यात काकूंच्या हुकुमतीखाली गल्लीतल्या बायका तिथेच पापड लाटत. दोघा भावांच्या बायकाही त्यात असत, एकमेकींच्या लाट्यांना तेल लावत. अबोला पुरुषांचा होता. बायकांना पापड करायचे होते.

पिक्चर पुरा झाला की समोरच्या मालकाने कवड्या टाकायच्या, आणि जास्त उलट्या पडल्या की पिक्चर पडला, असा नियम होता. एके दुपारी शेषरावांचा पिक्चर कवड्यांनी पडला. सगळ्या उलट्या. "मास्तर, त्यायले सांगा, कवड्या फुंकून टाकल्या त्यायनं," अशी तक्रार निघाली. भांडण वाढलं तसा ओसरीवरून काकूंचा आवाज आला, "काऊन रे बाबूंनो, पिच्चर कवड्या पाह्यते का मानसं पाह्यते? इतल्या बाया बसल्या हायेत. सांगा आमाले ष्टोरी. आवडली तं चालली."

सूचना बिनतोड होती आणि मी ती कलेच्या ओढीने मान्य केली. ही माझी चूक. नियम असा ठरला: मालकाने आपल्या पिक्चरची गोष्ट ओसरीवर सांगायची. बायकांची लाटणी थांबली, तर पिक्चर चालला. लाटणी चालू राहिली, तर पडला.

पहिला मान माझा. मी 'अंतरीचे रंग' ही एका एकाकी चित्रकाराची कथा सांगितली. तो क्षितिज रंगवतो आणि क्षितिज त्याला सापडत नाही. तेवढ्या वेगाने चालणारी लाटणी मी आजवर पाहिली नाहीत. मी क्षितिजापाशी पोचलो तेव्हा उडदाचं पीठ संपलं होतं. काकू म्हणाल्या, "मास्तर, तुमची ष्टोरी बेस हाय. रोज सांगत जा, काम आवरते."

माझं जाऊ द्या. शेषरावांनी मात्र 'धुऱ्याचा आंबा' काढला. एक देवमाणूस भाऊ, एक दुष्ट भाऊ, आणि दुष्ट भाऊ डाव्या गालात तंबाखू ठेवतो. किसनरावांचा डावा गाल फुगलेलाच होता. निम्मी लाटणी थांबली. दुसऱ्या दिवशी किसनरावांनी 'आंब्याचा धनी' काढला. त्यात दुष्ट भावाची मूठ चिमणीएवढी होती. उरलेली निम्मी लाटणी थांबली. ओसरीचे दोन तट पडले. तेल लावणाऱ्या हातांनी तेल लावणं सोडलं, आणि दोघी जावांच्या मध्ये काकूंनी पोळपाट उभा केला. तीन वर्षं मी जपलेलं भांडण आता माझ्याच घरात, माझ्याच पाटावर, सगळ्या गल्लीपुढे तुटेपर्यंत ताणलं होतं. आणि निकाल उद्या लागायचा होता. दोघांनीही शेवटचा भाग राखून ठेवला होता.

त्या संध्याकाळी शेषराव मला पिंपळाखाली भेटले. "मास्तर, उद्याच्याले त्याचं पिच्चर चाललं तं कवेलू तुमचे तुम्ही फेरजा."

घरी येतो तो किसनराव लोटा घेऊन उभे. "मास्तर, उद्या त्याचं पिच्चर चाललं तं म्हैस आटली समजा."

मी विमलला सगळं सांगितलं. ती बेबीला थोपटत होती. "तुमाले कोनी सांगतलं होतं कंपनी काढाले? डोंगर हालला तं हालला असता," ती म्हणाली. मग म्हणाली, "दोघायचं बी चालू नाही द्यायचं मंग." आणि बेबीकडे पाहून हसली. मला त्या हसण्याचा अर्थ विचारायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. पंजाबराव खुर्ची घेऊन आले. शेषराव मिशीला पीळ देत उठले. त्याच वेळी किसनरावही उठले. पहिला कोण, यावर अडलं. "मास्तर, त्यायले सांगा खाली बस म्हना." "मास्तर, त्यायले सांगा तूच बस म्हना." मी मध्ये उभा राहून दोघांना बसा बसा करत होतो. बायकांच्या हातातली लाटणी हळूहळू पोळपाटावरून उचलली जात होती, आणि ती पापडासाठी नव्हती.

तेवढ्यात विमलने बेबीला काकूंच्या मांडीवर दिलं आणि पदर खोचला. "थांबा बरं. माह्यं बी एक पिच्चर हाय," ती म्हणाली.

"तुझी कंपनी नाही," मी म्हणालो.

"कवड्या कोनाच्या हायेत?" ती म्हणाली. पंजाबरावांनी सेन्सॉर या नात्याने मंजुरी दिली.

"एका गावात दोन भाऊ होते," विमलने सुरुवात केली, "अन् दोघायच्या मधात एक मास्तर होता." एवढं बोलून तिने नाकावरचा नसलेला चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत नाकावर ठेवला. मान जराशी वाकडी केली. मग माझ्या आवाजात, माझ्या शाळेच्या भाषेत, दोन्ही हात जोडून ती शेषरावांकडे वळली, "शेषराव, क्षमा असावी. किसनराव म्हणतात की आपण गाढव आहात." पुन्हा चष्मा पुसला. किसनरावांकडे वळली, "किसनराव, राग मानू नये. शेषराव म्हणतात, आपलं दूध पाणीदार आहे. पण बेबीला आवडतं हो, बेबीला आवडतं!"

एक लाटणं थांबलं. दुसरं खाली पडलं. विमल थांबली नाही. पिक्चरमधल्या मास्तरने एका भावाच्या वाड्यात दुसऱ्याचं नाव चुकून घेतलं आणि घाबरून आंब्याच्या झाडालाच नमस्कार केला. पाऊस आला तेव्हा तो एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात लोटा धरून उभा राहिला आणि छत्रीत दूध घेऊ लागला. शेवटी झाडावरचं वानर त्याला म्हणालं, "मास्तर, त्यायले सांगा, आंबे गोड हायेत." बायका एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. दोघींच्या मधला पोळपाट कोणाच्या लक्षातही न येता आडवा झाला. पंजाबराव खुर्चीवरून घसरून जमिनीवर बसून हसत होते. लाट्या वाळून कडक झाल्या तरी एकीचंही लक्ष नव्हतं. इतका चाललेला पिक्चर आमच्या ओसरीने पाहिला नव्हता.

मी मध्येच उभा होतो. चष्म्यावर वाफ धरली म्हणून मी तो काढला आणि पुसला.

"काऊन बे शेष्या!" किसनराव डोळ्यांतलं पाणी पुसत ओरडले. "हुबेहूब हाय न?"

"हाव न बे किसन्या!" शेषराव पोट धरून म्हणाले. "पाह्य पाह्य, आत्ता बी पुसून राह्यला!"

आणि ओसरी एकदम गप्प झाली. वाक्य सरळ गेलं होतं आणि उत्तर सरळ आलं होतं. मध्ये मी नव्हतो. दोघं भाऊ एकमेकांकडे पाहत राहिले. किसनरावांचा डावा गाल हलला. पण अबोला पहिला मोडतो त्याची हार, हाही त्याच कायद्याचा भाग. दोघांची तोंडं पुन्हा मिटायला लागली. मी पाळण्याकडे पाहिलं.

"खेळात बोललेलं धरत नाहीत," पंजाबराव जमिनीवरूनच म्हणाले. त्यांच्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा सरकारी निर्णय असावा.

"मंग बोला न आता बिनखेळाचं," सोजराकाकू म्हणाल्या. "अन् जा, वानरं खाच्या आंधी कैऱ्या आना. लोनचं घालाचं हाय." भाऊ गेले. सगळ्या गल्लीने पाहिलं, दोघं एकाच बंडीत बसून गेले आणि पोतं भरून कैऱ्या घेऊन आले. वाटणी करताना वाद झाला म्हणतात, पण तो त्यांनी आपसांत केला.

कवेलू फेरून झाले. दूध चालू राहिलं. माझ्या पाटावर मात्र कोणी फिरकेना. मला बोलायला आता निरोप उरला नव्हता. तिन्ही कंपन्यांचं भांडवल किसनरावांनी पोत्यात भरून नेलं आणि ते म्हशीने एका दिवसात खाल्लं. विमलच्या पिक्चरला मात्र मागणी वाढली. बारशाला, हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला बायका म्हणायच्या, "मास्तर करून दाखव वं." शाळा उघडली तेव्हा वर्गातल्या मागच्या बाकावरची पोरं चष्मे पुसत होती. त्यातल्या एकालाही चष्मा नव्हता.

माझ्या मनाला ते फार लागलं. खरंच लागलं. मी विमलशी अबोला धरला. ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसलो. तेव्हा शेषराव आणि किसनराव पाऊस लागला म्हणून छपराखाली आले होते. चहाची वेळ झाली होती.

"शेषराव," मी गंभीरपणे म्हणालो, "त्यांना सांगा, चहा हवा आहे."

शेषरावांनी किसनरावांकडे पाहिलं. दोघं उठले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जोडीने उभे राहिले. शेषरावांनी नसलेला चष्मा पुसला. "वैनी, मास्तर म्हन्ते, चहा पाह्यजे."

आतून विमल म्हणाली, "त्यायले सांगा, ठेवलाच हाय. अन् सांगा, ते होते म्हनून पिच्चर चाललं. नाहीतर लाटनी काई थांबत नव्हती."

किसनराव माझ्याकडे आले, तंबाखू डाव्या गालात सरकवली आणि म्हणाले, "मास्तर, वैनी म्हन्ते, गाढवासारखं रुसून बसू नका."

"असं ती म्हणालीच नाही!" मी ताडकन उठलो. "ती म्हणाली, मी होतो म्हणून पिक्चर चालला!"

"म्हन्जे आयकू आलं तं!" शेषराव म्हणाले. "मोडला तुमचा अबोला. पयले तुम्हीच मोडला."

आत विमल हसत होती. तिच्या हसण्याने बेबी जागी झाली आणि तीही हसायला लागली. मी खाली बसलो. चष्मा काढून पुसला आणि मग आत जाऊन चहाचा कप घेतला.